ग्रो टेंट फॅन लावूनही गरम का राहतो

ग्रो टेंटबद्दल (घरात लाईटखाली झाडं वाढवायला उभा करतात तो बंद कापडी तंबू) एक गोष्ट आधी पक्की करून घ्या, मग बाकीचं बरंच सोपं जातं. टेंटला स्वतःचं असं टेंपरेचर नसतं. टेंट ज्या खोलीत उभा आहे त्या खोलीचं टेंपरेचर अधिक लाईटने त्यात घातलेली भर, एवढाच हिशोब आहे. फॅन, डक्ट (हवा वाहून नेणारी जाड नळी), झडपा, जाळ्या असं जे काही आपण लावतो ते फक्त त्या भरीवर काम करतं, खोलीवर नाही. म्हणजे खोली ३१ अंशांवर असेल तर कितीही भारी एक्झॉस्ट फॅन लावा, टेंट ३१ च्या खाली जायचा नाही (पानांतून पाणी उडतं त्यामुळे एखाद्या अंशाचा फरक पडतो, तो सोडून द्या). ३३ वर आणून ठेवला तरी फॅनने आपलं काम चोख केलं म्हणायचं.

बहुतेक जण इथेच गंडतात. टेंट तापला की फॅन बदलायचा, मग अजून मोठा फॅन, मग अजून एक, पण खोलीत थर्मामीटर लावून बघायचं काही कोणाच्या मनात येत नाही. म्हणून सगळ्यात आधी दोन थर्मामीटर घ्या, एक टेंटच्या आत आणि एक बाहेर, जिथून हवा आत ओढली जाते त्या तोंडाशी. लाईट लागून दोन-तीन तास झाले की दोघांतला फरक बघा. फरक २ ते ४ अंश असेल तर तुमचं व्हेंटिलेशन ठीक आहे, जे काय करायचं ते खोलीचं करा. फरक ८-१० अंश असेल तर मात्र टेंटमध्येच काहीतरी अडलंय. ही दोन वेगळी प्रकरणं आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की नुसता खर्च होतो.

आता ही भर येते कुठून ते बघू. "एलईडी आहे, तो कुठे तापतो" हे इतक्या वेळा ऐकू येतं की त्याचा निकाल लावूनच पुढे गेलेलं बरं. चांगला एलईडी विजेतली साधारण निम्मी ऊर्जा उजेडात बदलतो आणि उरलेली निम्मी तिथल्या तिथे उष्णता म्हणून सोडतो, इथपर्यंत बरोबर आहे. पण त्या उजेडाचं पुढे काय होतं? तो पानांवर पडतो, मातीवर पडतो, चंदेरी भिंतींवर आपटून परत पानांवर येतो आणि शेवटी कुठेतरी शोषला जातो, आणि शोषला गेला की त्याची उष्णताच होते. झाड त्यातले जेमतेम काही टक्के साखरेच्या रूपात साठवतं, बाकी सगळं गरमीत जमा. म्हणजे ३०० वॅटचा लाईट हा टेंटपुरता ३०० वॅटचा हीटर आहे, मग तो एलईडी असो नाहीतर जुना सोडियमचा दिवा. एलईडी बरा पडतो तो एवढ्यासाठी की तेवढाच उजेड द्यायला त्याला कमी वॅट लागतात; वॅटला वॅट लावून बघितलं तर दोघं सारखेच तापवतात. आणि वॅट म्हणजे सॉकेटमधून खरोखर ओढले जाणारे वॅट, खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा नव्हे. खोक्यावर १००० लिहिलेलं असतं आणि माहितीपत्रकात बारीक अक्षरात खरा वापर त्याच्या कितीतरी खाली असतो, तो बारीक आकडा धरायचा.

लाईटशिवाय आत जे काही प्लगला लावलेलं आहे, म्हणजे हवा फिरवणारा छोटा फॅन, पंप, ह्युमिडिफायर, ते सगळं याच बेरजेत येतं. एक फुकटातली युक्ती आहे. एलईडीचा ड्रायव्हर (लाईटला वीज पुरवणारा तो जड धातूचा डबा) बऱ्याच लाईटना सुटा करून टेंटच्या बाहेर टांगता येतो, आणि ड्रायव्हर स्वतः ५ ते १० टक्के वीज उष्णतेत घालवत असतो, म्हणजे ३०० वॅटमागे १५ ते ३० वॅट गरमी एका स्क्रूड्रायव्हरच्या कामात बाहेर गेली.

मग फॅन किती मोठा पाहिजे? सगळीकडे एकच नियम सांगतात, टेंटची हवा मिनिटाला एकदा बदलली पाहिजे. १२० बाय १२० बाय २०० सेंटीमीटरचा टेंट म्हणजे साधारण १०२ घनफूट, म्हणून १०२ सीएफएमचा फॅन, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट हवा ओढणारा. अंदाज म्हणून ठीक आहे, पण या नियमात लाईटचा पत्ताच नाही! त्याच टेंटमध्ये १०० वॅट लावा नाहीतर ६०० वॅट लावा, नियम एकच उत्तर देतो, हे कसं चालेल. खरा हिशोब वॅटवरून करायचा आणि तो काही अवघड नाही. लाईटचे वॅट घ्या, त्याला १.७६ ने गुणा आणि खोलीपेक्षा किती अंश जास्त चालतील त्या आकड्याने भागा, उत्तर सीएफएममध्ये येतं. ३०० वॅट आणि ३ अंश फरक चालणार असेल तर १७६ सीएफएम. ५ अंश चालत असतील तर १०६ मध्ये भागतं. आणि २ च अंश पाहिजेत म्हणाल तर २६४. म्हणजे शेवटचा एकेक अंश खाली आणायला किती जास्त हवा ओढावी लागते ते बघा, ५ वरून ३ वर यायला ७० वाढले आणि ३ वरून २ वर यायला ८८. एका मर्यादेनंतर फॅन मोठा करत जाणं परवडत नाही ते याचमुळे.

हे गणित थोडं कडक आहे. प्रत्यक्षात टेंटच्या कापडातूनही काही उष्णता बाहेर जाते आणि काही पाण्याच्या वाफेत जाते, त्यामुळे झाडं भरलेल्या टेंटमध्ये फरक गणितापेक्षा कमीच येतो. तरी खरेदी करताना गणिताचा आकडा धरा, वर आणखी थोडा, कारण फॅनच्या खोक्यावरचा सीएफएम हा पुढे-मागे काहीही न लावता मोकळ्या हवेत मोजलेला असतो. त्याला कार्बन फिल्टर जोडला, मग डक्ट, मग डक्टला दोन वळणं, की त्या आकड्यातला चांगला मोठा हिस्सा गळतो. पाव तर सहज जातो, आणि फिल्टर जुना झालेला असेल, डक्ट चुरगळलेला असेल तर निम्मासुद्धा.

डक्टकडे जेवढं लक्ष द्यायला पाहिजे तेवढं कोणी देत नाही. तो अ‍ॅकॉर्डियनसारखा लवचिक डक्ट पूर्ण ताणून लावायचा आणि उरलेला कापून टाकायचा. "पुढे लागेल" म्हणून दोन मीटर जास्तीचा तसाच लोंबत ठेवला की आतल्या प्रत्येक घडीवर हवा अडखळते. वळण द्यायचंच असेल तर मोठ्या गोलाईने द्या, काटकोनात मुरडू नका. आणि ६ इंची फॅनला अडॅप्टर लावून ४ इंची डक्ट जोडायचा मोह टाळा, कारण ६ इंची तोंडाचं क्षेत्रफळ ४ इंचीच्या सव्वादोनपट असतं, तेवढी हवा त्या चिंचोळ्या नळीतून जाताना फॅन नुसता ओरडतो आणि हवा काही जात नाही. उलट फॅन गरजेपेक्षा एक नंबर मोठा घेऊन कमी स्पीडवर चालवणं कधीही चांगलं. फॅनचा स्पीड निम्मा केला की हवा निम्मी होते पण वीज जवळपास आठव्या हिश्श्यावर येते, आवाज तर इतका उतरतो की त्याच खोलीत झोपता येईल. फक्त स्पीड कमी करायला बल्बचा साधा डिमर लावू नका, त्याने बरेच फॅन गुणगुणतात आणि मोटर तापते. त्या फॅनसाठी बनवलेला कंट्रोलर घ्या, किंवा ज्याच्यात स्पीड कंट्रोल आतूनच येतो असा ईसी मोटरचा फॅन घ्या.

कार्बन फिल्टरबद्दल थोडक्यात: तो फक्त वासासाठी असतो, थंड करण्याशी त्याचा संबंध नाही, उलट हवा अडवतो. वासाची अडचण नसेल तर लावूच नका.

हवा बाहेर जाण्याचा सगळे विचार करतात, आत येण्याचा फारसा कोणी करत नाही. जेवढी हवा बाहेर जाते तेवढीच आत यावी लागते, नाहीतर फॅन जागच्या जागी फिरत बसतो. नुसत्या उघड्या झडपांतून हवा आत घ्यायची असेल तर त्या झडपांचं एकूण क्षेत्रफळ एक्झॉस्टच्या तोंडापेक्षा दोन-तीनपट ठेवा, जाळी लावलेली असेल तर आणखी जास्त, कारण बारीक जाळीची भोकं मिळून जागा कमी भरते आणि महिन्याभरात धुळीने ती अजून बुजते. टेंटच्या भिंती किंचित आत ओढलेल्या दिसणं हे चांगलं लक्षण आहे, सगळी हवा फॅनमार्फतच बाहेर चाललीय असा त्याचा अर्थ. पण भिंती पोटात गेल्यासारख्या खोल आत आल्या, खांब वाकायला लागले, की हवेची आत यायची वाट कमी पडतेय. तेव्हा एक सोपी परीक्षा करा. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी खालच्या झडपेसमोर धरा, ती ठामपणे आत ओढली गेली पाहिजे. मग टेंटची चेन एक वीतभर उघडा आणि फॅनचा आवाज ऐका. चेन उघडल्यावर फॅनचा सूर बदलला, तो मोकळा झाल्यासारखा वाटला, तर आधी तो गुदमरत होता हे नक्की. हे एवढं दोन मिनिटांत कळतं आणि कोणतंही यंत्र लागत नाही.

जागा कुठली, तर गरम हवा वर जमते म्हणून एक्झॉस्ट वरच्या कोपऱ्यात आणि ताजी हवा खालून, शक्यतो समोरच्या बाजूने, म्हणजे ती झाडांमधून तिरपी वर जाते. आत येणारी आणि बाहेर जाणारी दोन्ही तोंडं एकाच बाजूला जवळजवळ असतील तर हवा आली तशी निघून जाते, पलीकडच्या कोपऱ्यातली झाडं उकडत राहतात आणि थर्मामीटर झडपेजवळ टांगलेला असेल तर तो सगळं छान असल्याचं सांगतो.

आणि मुख्य मुद्दा म्हणजे बाहेर काढलेली हवा जाते कुठे. बहुतेक वेळा डक्टचं तोंड त्याच खोलीत सोडलेलं असतं. खोलीचं दार बंद, खिडकी बंद. मग तो ३०० वॅटचा हीटर टेंटमधून निघाला आणि खोलीत येऊन बसला, तीच हवा खालून परत टेंटमध्ये, आणि संध्याकाळपर्यंत खोली आणि टेंट हातात हात घालून वर चढत जातात. फरक बघाल तर ३ च अंश, फॅन उत्तम, तरी झाडं ३५ वर. डक्ट खिडकीतून बाहेर काढा, निदान दुसऱ्या मोठ्या खोलीत किंवा जिन्यात सोडा. मात्र बाहेर काढल्यावर खोलीत तेवढी हवा दुसरीकडून यायला हवी, तेव्हा दाराखाली फट किंवा दुसरी खिडकी थोडी उघडी पाहिजे. थंडीत हेच उलटं वापरता येतं, तीच गरम हवा मुद्दाम खोलीत सोडायची आणि खोली फुकटात तापवायची.

एवढं सगळं करूनही खोलीच गरम असेल तर काय? पहिला उपाय पैसे न लागणारा, लाईट रात्री चालवा. झाडाला घड्याळ कळत नाही, त्याला १२ किंवा १६ तास उजेड मिळाल्याशी मतलब, तो रात्री आठ ते सकाळी आठ मिळाला तरी त्याची तक्रार नसते, आणि खोली त्या वेळी दुपारपेक्षा सहज काही अंश गार असते. दुसरा, लाईट मंद करा. ३०० चे २२० वॅट केले तर भर त्याच प्रमाणात उतरते, आणि भयंकर उकाड्यात झाडं तसाही पूर्ण उजेड नीट वापरत नाहीत, तेव्हा त्या दिवसांत लाईट शंभर टक्क्यांवर ठेवण्यात काही अर्थ नाही.

मग येतात जुगाड. टेंटमध्ये बर्फाच्या बाटल्या ठेवणं हा त्यातला सगळ्यात लोकप्रिय, तर त्याचा हिशोब करून बघू. एक किलो बर्फ पूर्ण वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता खातो आणि ३०० वॅटचा लाईट तेवढी उष्णता साडेअठरा मिनिटांत तयार करतो. म्हणजे फक्त लाईटला तोंड द्यायला तासाला तीन किलोच्या वर बर्फ, दिवसभर. आत अजून एक फिरता फॅन लावला की थंड होईल हाही गैरसमज आहे, तो हवा हलवतो, थंड करत नाही, उलट स्वतःचे १५-२० वॅट त्यात घालतो. पाण्यावरचा कूलर कोरड्या हवेत खरंच काम करतो, पण हवा आधीच दमट असेल तर तो टेंपरेचर फारसं उतरवत नाही आणि ओलावा तेवढा भरून ठेवतो, म्हणजे एक सोडवायला जाऊन दुसरंच गळ्यात.

एसी लावायचा तर तो खोलीला लावा, टेंटला नाही. खोली २४-२५ वर ठेवायची आणि फॅन ती हवा टेंटमधून खेळवेल. अशा वेळी एक्झॉस्ट खोलीतच सोडला तरी चालतो, कारण खोलीतली उष्णता एसी बाहेर टाकतोय, उलट डक्ट खिडकीबाहेर काढला तर विकत घेतलेली गार हवा तुम्ही बाहेर फेकताय. एक पाइपवाला पोर्टेबल एसी हेच करतो, खोलीतली हवा ओढून बाहेर टाकतो आणि तिच्या जागी बाहेरची गरम हवा फटींमधून आत येते, त्यामुळे दोन पाइपवाला बरा.

आता ह्युमिडिटी, म्हणजे हवेतला ओलावा. खरं तर हे प्रकरण गरमीपेक्षा जास्त घात करतं कारण ते डोळ्यांना दिसत नाही. झाड पाणी पितं त्यातलं बहुतेक सगळं पानांतून वाफ होऊन उडतं, आणि एक लिटर पाणी उडताना जवळपास ०.६८ युनिट विजेएवढी उष्णता सोबत घेऊन जातं. ३०० वॅटचा लाईट १२ तासांत ३.६ युनिट टाकतो. झाडांनी त्या वेळात २ लिटर पाणी उडवलं तर त्यातली एक तृतीयांशापेक्षा जास्त उष्णता वाफेत गेली. म्हणून भरलेला टेंट रिकाम्या टेंटपेक्षा गार राहतो, आणि म्हणूनच रिकाम्या टेंटमध्ये चाचणी घेऊन "फार तापतोय" म्हणून घाबरायचं कारण नसतं. पण ती वाफ बाहेर काढावी लागते. ती काढायला आत डिह्युमिडिफायर ठेवलात तर तो वाफेचं पाणी करताना तीच उष्णता परत टेंटमध्ये सोडतो, वर स्वतःची वेगळी. तो पण खोलीतच ठेवावा.

ह्युमिडिटीचा टक्का एकटा काही सांगत नाही, कारण ३० अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा १.८ पट वाफ धरू शकते, तेव्हा २० अंशांवरचे ६० टक्के आणि ३० अंशांवरचे ६० टक्के ही झाडासाठी अगदी वेगळी हवा. यासाठी व्हीपीडी नावाचा आकडा वापरतात. हवा अजून किती वाफ ओढून घेऊ शकते, म्हणजे थोडक्यात हवेची तहान किती आहे, ते तो सांगतो आणि किलोपास्कलमध्ये मोजतात. २५ अंश आणि ६० टक्के असेल तर तो १.२७ येतो. ३० अंश आणि ५० टक्क्यांना २.१ च्या पुढे जातो, तिथे पान घाबरून आपली छिद्रं मिटायला लागतं, वाढ थांबते, कडा करपतात, लाल कोळीला (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) तर अशी गरम कोरडी हवा म्हणजे पर्वणी. उलट ०.४ च्या खाली पाणी वर फारसं चढत नाही आणि बुरशीला रान मोकळं. कोवळ्या रोपांना ०.४ ते ०.८, वाढीच्या काळात ०.८ ते १.२, फुला-फळांच्या वेळी १.२ ते १.५ असं साधारण धरतात. तक्ते सगळीकडे मिळतात, पाठ करायची गरज नाही. हे आकडे हवेच्या टेंपरेचरवरून काढलेले असतात, पान एलईडीखाली हवेपेक्षा बहुतेक वेळा एक-दोन अंश गार असतं, तेव्हा दशांशाच्या पुढे जाऊन जीव आटवू नका.

खरा धोका लाईट बंद होतो त्या क्षणी सुरू होतो. समजा लाईट चालू असताना आत २७ अंश आणि ६० टक्के, सगळं कसं मस्त. लाईट बंद झाला, सोबत टायमरने फॅनही बंद केला (वीज वाचवायला म्हणून बरेच जण असंच लावतात) आणि तासाभरात टेंट २० वर उतरला. हवेतली वाफ तेवढीच आहे, पण २० अंशांच्या हवेला ती आता ९१ टक्के भरते. साडेअठराच्या आसपास गेलं तर पानांवर दव धरायला लागेल. त्यात झाडं अजूनही थोडी वाफ सोडतच असतात. दाट फुलोरा, एकमेकांवर चिकटलेली पानं, यांच्या आत तर हवा हलतच नाही, तिथे करडी बुरशी बसते आणि सकाळी लाईट लागला की हायग्रोमीटर (ह्युमिडिटी मोजणारं मीटर) परत ६० दाखवतो, त्यामुळे बुरशी आली कुठून ते कळत नाही. म्हणून एक्झॉस्ट रात्रीही चालू ठेवायचा, मंद स्पीडवर. शक्य असेल तर लाईट बंद व्हायच्या अर्धा तास आधीपासून थोडा जोरात, म्हणजे साठलेली वाफ आधी निघून जाईल. आणि किमान-कमाल आकडे लक्षात ठेवणारं मीटर घ्या. आत्ताचा आकडा बघून काही कळत नाही, रात्री काय झालं ते बघायचं असतं.

मीटरचाच विषय निघाला तर, स्वस्त हायग्रोमीटर पाच-दहा टक्क्यांनी सहज चुकतो. तपासायला बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, वर पाणी तरंगता कामा नये, मग ते झाकण आणि मीटर एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मीटर ६९ दाखवत असेल तर तो ६ ने कमी सांगतो, त्याच्यावर तसं लिहून ठेवा. आणि टेंटमध्ये मीटर झाडांच्या शेंड्याच्या उंचीवर, पण सावलीत टांगा. थेट लाईटखाली ठेवला तर त्याचं प्लास्टिकच तापतं आणि तो हवेपेक्षा कितीतरी अंश जास्त दाखवतो. निम्म्या लोकांचा "टेंट ३६ वर जातोय" हा प्रॉब्लेम मीटरवर पुठ्ठ्याचा तुकडा धरला की मिटतो.

आतला छोटा फिरता फॅन थंड करत नाही म्हटलं, पण तो लागतोच. पानाला चिकटून हवेचा एक पातळ थर असतो, तो हलला नाही तर पानाभोवती ओलसर हवा साचते आणि ताजा कार्बन डायऑक्साइड पानापर्यंत पोचायला वेळ लागतो. लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होतात तेही बरेचदा याचमुळे, तिथून पाणी उडत नाही म्हणून पाण्यासोबत येणारं कॅल्शियम तिथवर पोचत नाही, खत वाढवून त्याला काही होत नाही. पानं हलकी थरथरली पाहिजेत, एवढाच वारा. एकाच झाडावर रोखून धरला तर ती पानं आकसून नखासारखी वळतात.

बाहेरच्या हवेत साधारण ४२० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग) कार्बन डायऑक्साइड असतो आणि बंद टेंटमध्ये जोमात वाढणारी झाडं तो पटापट संपवतात, तेव्हा व्हेंटिलेशनचा हा दुसरा फायदा. सिलिंडर लावून वायू सोडायचा विचार असेल तर एक्झॉस्ट जोरात असताना तो सगळा बाहेरच जाणार, आणि माणसं वावरतात त्या बंद खोलीत तो साचणं धोक्याचं असतं. घरगुती टेंटला त्याची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत.

किती गरम म्हणजे फार गरम हे झाडावर आहे. टोमॅटोचं परागण ३२ च्या वर बिघडायला लागतं आणि फूलगळ होते, लेट्यूस त्याच्या आधीच फुलाचा दांडा काढून कडू होतं, मिरची-तुळशीला २८-३० फार जड जात नाही. पाण्यावर वाढवत असाल तर हवेपेक्षा पाण्याच्या टाकीकडे जास्त बघा. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांवर ७.६, आणि तेवढ्याच वेळी मुळांना ऑक्सिजन जास्त लागत असतो. वर पानं टवटवीत आणि खाली मूळकूज, असा तो प्रकार. टाकी टेंटच्या बाहेर, जमिनीवर ठेवली तरी बराच फरक पडतो.

कडाक्याच्या थंडीत डक्ट गार जागेतून जात असेल तर आतल्या दमट हवेचं त्यात पाणी होतं. त्याचा उतार फॅनकडे नाही, फॅनपासून लांब ठेवा, नाहीतर ते पाणी सरळ मोटरमध्ये.

आणि शेवटचं, फॅन बंद पडला तर काय होईल याचा विचार लावतानाच करा. फॅनचा प्लग सैल झाला, मोटर जळाली, आणि लाईट मात्र टायमरप्रमाणे चालूच, अशा वेळी तुम्ही घरी असालच असं नाही. म्हणून लाईट थर्मोस्टॅटमधून घ्या, म्हणजे आत ३५-३६ झालं की लाईटच तुटेल आणि चार-पाच अंश खाली आल्याशिवाय परत लागणार नाही. हा थर्मोस्टॅट अँपिअरमध्ये भरपूर जास्तीचा घ्या, कारण एलईडीचा ड्रायव्हर चालू होताना क्षणभर फार मोठा करंट ओढतो आणि थर्मोस्टॅटमधल्या हलक्या रिलेचे (आतल्या स्विचचे) पॉइंट त्याने चिकटून बसतात, मग तो तोडायच्या वेळी तोडतच नाही. सगळं जोडून झालं की एखाद्या दिवशी मोकळा वेळ बघून फॅनचा प्लग मुद्दाम काढा आणि तिथेच बसून बघा, लाईट खरंच बंद होतो का, आणि किती वेळात.